दारापुढच्या झिजलेल्या काँक्रीट पायऱ्या पाडून नव्या करताना

पायरीची धार फुटली की मिस्त्रीला बोलावून वर इंचभर माल थापून घ्यायचा, ही आपल्याकडची सरसकट चाल. तो थर एखादा उन्हाळा टिकतो, मग पायाखाली पोकळ वाजायला लागतो आणि पावसाळ्यात सुटतो. वैतागून लोक पायऱ्या पाडून नव्या बांधतात, पण जुन्याच जमिनीवर आणि जुन्याच घाईने. मग तीन-चार वर्षांत भिंत आणि पायरी यांच्यात बोटभर फट पडते.

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या बहुतेक गावांत वरची माती काळी आहे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. घराचा पाया खोलवर गेलेला असल्याने तो जागेवर राहतो आणि वरवर टेकवलेली पायरी मात्र मातीबरोबर वरखाली होते. म्हणून या कामात सगळ्यात जास्त लक्ष पायरीच्या खाली आणि पाण्याच्या वाटेकडे द्यायचं. पायरीचा आकार कुठलाही मिस्त्री काढून देतो.

खालची सगळी मापं एका नेहमीच्या घरासाठी धरली आहेत: अंगणापासून ओटा ६० सेंमी उंच, पायऱ्यांची लांबी १२० सेंमी, प्रत्येक चढ (पायरीची उभी उंची) १५ सेंमी, पायरीची रुंदी ३० सेंमी. म्हणजे चढ चार आणि पायऱ्या तीन; चौथा चढ थेट ओट्यावर नेतो. तुमचं माप वेगळं असेल तर हिशोब त्या प्रमाणात बदला.

१. आधी ठरवा: डागडुजी की पाडकाम?

हातोडीने प्रत्येक पायरी ठोकून पाहा. खणखणीत आवाज असेल आणि फक्त धार फुटली असेल, तर पाडू नका. फुटकी धार छन्नीने घट्ट काँक्रीटपर्यंत चौकोनी काढा, बाँडिंग केमिकल लावून ते ओलं असतानाच दुरुस्तीचा माल भरा. ते काम एका दिवसाचं आहे.

पायऱ्या पाडायच्या त्या अशा वेळी:

- ओट्याच्या भिंतीपासून पायऱ्या सुटल्या आहेत किंवा एका अंगाला कलल्या आहेत.
- पाणी ओतलं तर ते भिंतीकडे वाहतं.
- गंजलेली सळई बाहेर दिसते, किंवा सळईच्या रेषेत लांब भेग आहे.
- निम्म्याहून जास्त भाग भदभद वाजतो.
- चढ लहान-मोठे आहेत. यावर वरून थर देऊन कधीच उपाय होत नाही.

२. वेळ कोणती धरायची

दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. माती फार ओली नसते, ऊन सोसण्यासारखं असतं. पावसाळ्यात हे काम काढूच नका. ओल्या काळ्या मातीत मुरूम दाबला तरी खालची माती रबरासारखी हलत राहते.

प्रत्यक्षात मात्र निम्मी कामं निघतात ती आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) तोंडावर. लेकी माहेरी येणार, दार नीट दिसायला हवं, म्हणून भर एप्रिलात काँक्रीट पडतं आणि चौथ्या दिवशी त्यावर रहदारी सुरू होते. तेव्हाच करायचं असेल तर सणाच्या किमान तीन आठवडे आधी पाडकाम सुरू करा. पाडणं, खोदणं, भराव, पीसीसी (पायरीखालचा बिनसळईच्या काँक्रीटचा थर), सेंट्रिंग (काँक्रीट ओतायचा साचा) आणि काँक्रीट यांत पाच-सहा दिवस जातात. उरलेले दिवस पाणी मारण्याचे. एप्रिल-मे मध्ये काँक्रीट पहाटे सुरू करून ऊन चढायच्या आत संपवायचं. हवा ४० अंशांच्या वर असताना ओतलेलं काँक्रीट वरून लवकर आवळतं आणि त्याला केसासारख्या भेगा पडतात.

३. सामान

वरच्या मापासाठी पायऱ्यांचं भरीव काँक्रीट साधारण ०.३८ घनमीटर होतं, सांडलवंड धरून ०.४१. खालचं पीसीसी ०.१६ घनमीटर. त्यावरून:

- सिमेंट: ४ गोण्या लागतात, ५ आणा.
- वाळू: ९ ते १० घनफूट.
- २० मिमी खडी: १२ ते १३ घनफूट.
- ४० मिमी खडी, पीसीसीसाठी: ६ घनफूट.
- मुरूम: दाबलेला ०.७ घनमीटर हवा, म्हणजे सैल सुमारे ३३ घनफूट. ब्रासच्या (१०० घनफूट) हिशोबात एक तृतीयांश.
- ८ एमएमचे १२ मीटरचे बार: ३ नग, बांधणीची तार पाऊण किलो.
- १२ मिमी जाडीची थर्माकोलची शीट, १२ मिमी प्लाय बाजूंसाठी, २५ मिमी जाडीच्या लाकडी फळ्या चढांसाठी.
- ४० मिमीचे कव्हर ब्लॉक (सळई साच्यापासून लांब ठेवणारे ठोकळे), बारदान, शटरिंग ऑइल, पीयू (पॉलियुरेथेन) किंवा पॉलिसल्फाइड सीलंट.

वाळू नदीची असो की क्रश सँड, आधी तपासा. काचेच्या उभ्या बरणीत निम्मी वाळू आणि वर पाणी घालून जोरात हलवा, तीन तास स्थिर ठेवा. वर बसलेला गाळाचा थर वाळूच्या थराच्या ८ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर वाळू धुवा किंवा परत पाठवा. क्रश सँडच्या नावाखाली क्रशरची डस्ट मिळाली तर ती घेऊ नका.

पाणी पिण्याजोगं हवं. बोअरचं पाणी जिभेला खारट लागत असेल तर सळई असलेल्या काँक्रीटमध्ये ते वापरायचं नाही. पाच गोण्यांच्या कामाला लागतं किती, दीडशे लिटर. नळाचं भरून ठेवा.

> तपासा: गोणीवरचा आठवडा आणि वर्ष पाहा. तीन महिन्यांपेक्षा जुनं किंवा हाताला खडे लागणारं सिमेंट पायरीला वापरू नका.

४. मापं ओट्यावरून खाली घ्या

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि त्या काम संपल्यावरच दिसतात.

अंगण कधीच सपाट नसतं, म्हणून मोजणी ओट्याच्या तयार पृष्ठभागापासून खाली करायची. पातळीच्या नळीने ओट्याची पातळी पायऱ्या संपतील तिथे रोवलेल्या खुंटीवर आणा आणि तिथून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. भिंतीजवळ मोजलेलं आणि ९० सेंमी पुढे मोजलेलं अंतर सहज चार-पाच सेंमीने वेगळं येतं. पायरीला लागू पडतं ते पुढचं.

आता एकूण उंचीला चढांच्या संख्येने भागा. ६० भागिले ४ म्हणजे १५. उंची ६४ आली तर प्रत्येक चढ १६ चा करा. तीन चढ १५ चे आणि उरलेले १९ शेवटी ढकलायचे, असं करू नका. राष्ट्रीय इमारत संहितेत घराच्या जिन्याला चढ जास्तीत जास्त १९ सेंमी आणि पायरी कमीत कमी २५ सेंमी सांगितली आहे. तरी घरात म्हातारी माणसं असतील तर १५ च्या पुढे जाऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

दोन गोष्टी आत्ताच ठरवा:

पहिली, पायऱ्यांवर पुढे शहाबादी, कडप्पा किंवा ग्रॅनाइट बसवायचा आहे का? समजा दगड आणि मसाला मिळून ४ सेंमी होतात आणि ओटा तसाच राहणार आहे. मग दगड बसल्यावर पहिला चढ १९ चा होईल आणि शेवटचा ११ चा. मधले दोन ठीक, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, पण अंधारात माणूस नेमका तिथेच अडखळतो. दगड लागणार असेल तर सगळं काँक्रीट ४ सेंमी खाली धरा.

दुसरी, अंगणात पेव्हर ब्लॉक येणार आहेत का? येणार असतील तर अंगण वाळूसकट वर येईल आणि पहिला चढ तेवढा कमी होईल. मोजणी तयार अंगणापासून करा.

एका सरळ पट्टीवर १५, ३०, ४५, ६० अशा खुणा करून ठेवा. पुढचं सगळं काम याच पट्टीने तपासायचं. टेप दर वेळी वेगळा धरला जातो.

आणि पहिली पायरी नगरपालिकेच्या गटारावर किंवा रस्त्यात जात असेल तर ती आत घ्या. पुढे जेसीबी आला की आधी तीच जाते.

५. पाडकाम

घरात जायला दुसरं दार नसेल तर आधी जाड फळी आणि विटांचा तात्पुरता चढ तयार करा. पायऱ्यांखालून किंवा शेजारून नळाची लाइन, मीटरची केबल, सांडपाण्याचा पाइप, अर्थिंगची तार जाते का ते पाहा. जुन्या घरांत यातली एखादी तरी निघतेच.

मग ग्राइंडरने पायरी आणि ओट्याची भिंत यांच्यामधली रेषा कापून घ्या. हे न करता घण घातला तर भिंतीचा गिलावा, कधी कधी दगडसुद्धा, पायरीबरोबर निघून येतो. वरच्या पायरीपासून सुरू करा आणि भिंतीपासून बाहेरच्या दिशेने तोडत या. ब्रेकर भिंतीला टेकवू नका. शेवटची वीतभर छन्नी-हातोडीने काढा.

> सावध: पोकळ पायरीखाली विंचू असतात, कधी सापही. पोकळी उघडली की हात घालू नका. पहारीने मोकळी करा, बूट आणि हातमोजे घाला. लहान मुलांना लांब ठेवा.

निघालेला राडारोडा उचलून न्यायचा. तोच खड्ड्यात भरून पैसे वाचवायचा मोह मिस्त्रीला हमखास होतो. गिलाव्याचे तुकडे आणि विटांचे अद्धे यांच्यात पोकळ्या राहतात, त्यात पाणी साचतं, आणि आपण जे काढून टाकायला निघालो तेच पुन्हा खाली बसतं.

६. खोदाई आणि भिंतीची दुरुस्ती

खड्डा पायरीपेक्षा मोठा हवा: दोन्ही बाजूंना १५ आणि पुढे १५ सेंमी. म्हणजे १५० सेंमी लांब, १०५ सेंमी रुंद, आणि जमिनीपासून ६० सेंमी खोल. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत किंवा उंचवट्यावर दीड फुटात घट्ट मुरूम लागला तर तिथेच थांबा. तापीकाठच्या खोल काळ्या रानात ६० सेंमीनेही काळी माती संपत नाही, पण सगळ्यात जास्त हलणारा वरचा थर निघतो आणि उरलेल्यावर वजन येतं.

> सावध: धाब्याच्या किंवा दगड-मातीच्या जुन्या घरांचा पाया उथळ असू शकतो. भिंतीलगत आधी हातभर रुंदीचा खड्डा घेऊन पायाचा तळ कुठे आहे ते पाहा. त्या तळाच्या खाली खोदू नका. पाया उथळ निघाला तर भिंतीलगतचा भाग दोन टप्प्यांत खोदा आणि पहिला भरून दाबल्याशिवाय दुसरा उघडू नका.

पायऱ्या निघाल्यावर ओट्याची भिंत उघडी पडते. बहुतेक ठिकाणी ती ओली आणि गिलावा सुटलेली असते. सुटलेलं सगळं खरवडा, भिंत भिजवा आणि एकास चार (सिमेंट, वाळू) मालात वॉटरप्रूफिंग पावडर घालून गिलावा करा. नवी पायरी लागल्यावर या भिंतीला पुन्हा हात लावता येणार नाही.

खड्ड्याच्या तळाला भेगा दिसत असतील तर त्यात बारीक मुरूम ठासा. तळ पाण्याने भरून ठेवू नका.

७. मुरूम भरणं

पुष्कळ ठिकाणी खड्डा एका दमात मुरुमाने भरतात, वर पाण्याचा पाइप सोडतात आणि रात्रभर बसू देतात. वाळूच्या भरावाला हे एक वेळ चालतं. काळ्या मातीवरच्या मुरुमाला चालत नाही: पाणी झिरपून खालच्या मातीत जातं, ती फुगते, तुम्ही वर काँक्रीट करता, आणि उन्हाळ्यात ती आकसली की पायरी अधांतरी राहते.

मुरूम तीन थरांत भरायचा. प्रत्येक थर सैल २० सेंमी, दाबून १५. मुरूम ओलसर हवा: मुठीत दाबला तर गोळा व्हावा, टिचकी मारली तर दोन-तीन तुकडे व्हावेत. हाताला चिखल लागला तर पसरून वाळू द्या. गोळाच होत नसेल तर पाणी शिंपडून कालवा. धुम्मसाने (ठोकायच्या जड ठोकळ्याने) कोपऱ्यांपासून सुरू करून मध्यापर्यंत या. प्लेट कॉम्पॅक्टर अर्ध्या दिवसाच्या भाड्याने मिळाला तर जरूर घ्या, पण भिंतीलगतची पट्टी हातानेच ठोका.

स्वच्छ खडी किंवा दगडगोटे भरू नका. सभोवती काळी माती आणि मध्ये खडी, असा खड्डा पावसाळ्यात हौदासारखा भरून राहतो. थोडी माती असलेला, दाबल्यावर घट्ट बसणारा मुरूम हवा. चाळून काढलेला गोटा परत पाठवा.

> तपासा: प्रत्येक थरानंतर ८ एमएमची सळई अंगठ्याच्या जोराने टोचून पाहा. सहज दोन बोटं आत गेली तर पुन्हा ठोका. टाचेचा खड्डा पडता कामा नये.

८. पीसीसी

तिन्ही थर मिळून ४५ सेंमी झाले की वर १० सेंमी जाडीचं पीसीसी, एकास चार आठ (सिमेंट, वाळू, खडी). ते खड्ड्याच्या पूर्ण मापाचं, काठापर्यंत. पुढच्या बाजूला एक सेंमीचा उतार ठेवा. याच थरामुळे पावसाचं पाणी सरळ मुरुमात उतरत नाही.

घराच्या भिंतीला चिकटवून पीसीसी करू नका. मध्ये थर्माकोलची पट्टी उभी करा. दोन दिवस पाणी मारा, मग सेंट्रिंगला हात घाला.

९. थर्माकोल, सेंट्रिंग, सळई, या क्रमाने

आधी ओट्याच्या भिंतीवर, पीसीसीपासून वरच्या पायरीच्या पातळीपर्यंत, १२ मिमीचं थर्माकोल चिकटवा. काही मिस्त्री उलट करतात: भिंतीत भोकं पाडून सळया ठोकतात आणि पायरी घराला 'बांधून' टाकतात. मुरमाड जमिनीवर ते निभतं. काळ्या मातीत घर स्थिर आणि पायरी हलती, मग ती सळई पायरीला एका बाजूने धरून ठेवते आणि पायरी मधोमध तडकते. इथे पायरीला स्वतंत्र राहू द्यावं.

बाजूचे प्लाय उभे करा आणि मागून रिपा मारा. पायऱ्यांच्या ठोकळ्याचं माप ९० बाय १२० आहे, म्हणून कर्ण बरोबर १५० सेंमी यायला हवा. दोन्ही कर्ण मोजा. १५० आले की गुण्या लावायचीही गरज नाही.

आता चढाच्या फळ्या. प्रत्येक पायरीला पुढे ५ मिमी उतार द्यायचा, म्हणजे पाणी थांबत नाही. त्यामुळे पायरीची मागची कड पुढच्या धारेपेक्षा ५ मिमी वर असते, आणि फळीची रुंदी १५ ऐवजी १४.५ सेंमी लागते. धार ते धार अंतर १५ च राहतं. पहिल्या चढाची फळी तेवढी १५ अधिक जमिनीखालचे ५, अशी २० सेंमीची.

वरच्या दोन फळ्यांची खालची कड बाहेरच्या अंगाला तिरकी तासून घ्या. सुतार पाच मिनिटांत करून देतो. ती सरळ ठेवली तर फळीखाली रंधा (माल सपाट करायची लाकडी थापी) पोचत नाही, पायरीच्या मागच्या कोपऱ्यात दोन बोटांची खडबडीत पट्टी राहते आणि मग तिथे धूळ आणि पाणी साठत राहतं.

१२० सेंमीची फळी मध्ये फुगते. म्हणून तिन्ही फळ्यांच्या मध्यावरून एक तिरकी रीप खाली आणून जमिनीतल्या खुंटीला ठोका आणि प्रत्येक फळीला त्यावर ठोकळा द्या. आतून ऑइल लावा, पण सळई टाकण्याआधी. सळईला ऑइल लागलं तर काँक्रीट तिला पकडत नाही.

सळई: तळाला ८ एमएमची जाळी, २० सेंमी अंतराने दोन्ही दिशांना. वर पायऱ्यांच्या आकारात वाकवलेले ८ एमएमचे सात बार, आणि प्रत्येक धारेच्या आत व प्रत्येक आतल्या कोपऱ्यात एक आडवा बार. सगळीकडे ४० मिमी कव्हर. कव्हर ब्लॉकऐवजी विटेचे तुकडे किंवा खडी सरकवली जाते, ती काढायला लावा. वीट पाणी ओढते आणि सळई तिथूनच गंजते.

रेलिंग लागणार असेल तर प्लेटा आत्ताच बसवा. चार चढांना रेलिंग कशाला, असं गुडघे दुखेपर्यंतच वाटतं.

> तपासा: पट्टी उभी धरून चारही चढ मोजा. दोन चढांत ५ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर काँक्रीट थांबवा. फळी हलवायला दहा मिनिटं लागतात, पायरी हलवायला ब्रेकर.

१०. काँक्रीट कालवणं

प्रमाण एकास दीड तीन, म्हणजे एम-२० दर्जाचं काँक्रीट. घमेल्यांच्या अंदाजावर जाऊ नका. कुणी शिगोशीग भरतो, कुणी सपाट. एका गोणीतलं सिमेंट ३५ लिटर भरतं, तेव्हा ३५ लिटरचा फर्मा (मापाचं खोकं) घ्या: आतून ३० बाय ३० सेंमी आणि ३९ सेंमी उंच. एका गोणीला दीड फर्मा वाळू, तीन फर्मे २० मिमी खडी. ओलसर वाळू फुगून जास्त जागा घेते, त्यामुळे ती असेल तर फर्म्यात पाचवा हिस्सा वाढवा.

पाणी गोणीला २५ ते २७ लिटर. वाळूतलं पाणी धरूनही ३० च्या वर नाही. माल थापीला चिकटून हळू सरकावा, वाहू नये. पातळ माल भरायला सोपा म्हणून मजूर पाणी ओततात. त्याच पाण्याने वर पांढुरका कमजोर थर येतो आणि वर्षभरात पायरी भुसभुशीत होते. पाण्याची बादली आणि मोजमाप मालकाने स्वतःच्या ताब्यात ठेवावं. कामावर दुसरं काही सांभाळलं नाही तरी चालेल.

मिक्सरमध्ये किमान दोन मिनिटं फिरवा. हाताने कालवायचं तर लोखंडी पत्र्यावर, आधी कोरडं तीनदा उलथून, आणि सिमेंट १० टक्के जास्त. मातीवर कालवलेल्या मालात माती जातेच.

उन्हाळ्यात खडीवर आदल्या रात्री पाणी मारून सावलीत झाका आणि पाण्याचा ड्रमही सावलीत ठेवा.

११. ओतणं

पीसीसी आणि फळ्या भिजवा, पण पाणी साचलेलं नको.

खालच्या पायरीपासून सुरू करा. पहिला थर पूर्ण तळाला, भिंतीपर्यंत. बारीक सुईच्या व्हायब्रेटरने ठिकठिकाणी पाच-दहा सेकंद. व्हायब्रेटर नसेल तर सळईने कोचा आणि फळ्यांना बाहेरून हातोडीने हलके ठोके द्या. कोपऱ्यात आणि धारेत खडी गोळा होते, तिथे जास्त कोचायचं.

वरच्या पायरीचा माल घातला की खालच्या पायरीत फळीखालून फुगवटा येतो. असं झालं तर माल पातळ आहे किंवा घाई झाली आहे. पायरीमागे पंधरा-वीस मिनिटं थांबा, त्याहून जास्त नाही. मध्ये जेवणाची सुट्टी घेतली तर दोन थर एकमेकांना धरत नाहीत आणि तो सांधा पुढे आडव्या भेगेसारखा उघडतो. साडेतीन गोण्यांचं काम आहे, दोन तासांत होतं. डबे आधी किंवा नंतर सोडा.

१२. फिनिशिंग

पृष्ठभाग लाकडी रंध्याने सारखा करा आणि वर आलेलं पाणी उडून जाईपर्यंत थांबा. इथे एक वाईट सवय आहे: पाणी लवकर सुकावं म्हणून वर कोरड्या सिमेंटचा भुरका मारून घासतात. दिसायला गुळगुळीत, पण तो पापुद्रा वेगळाच राहतो आणि निघतो. नीरूची (चुन्याच्या बारीक लेपाची) झिलईही बाहेरच्या पायरीला नको. पावसात ती शेवाळलेल्या घाटाइतकी निसरडी होते.

तीन ते पाच तासांनी, उन्हाळ्यात दोन तासांतच, बोट दाबून जेमतेम ठसा उमटत असेल तेव्हा चढाच्या फळ्या हळू वरून सोडवा. चढाचा उभा भाग लगेच त्याच काँक्रीटमधून चाळलेल्या मालाने घासून घ्या. धार एजरने (कड गोल करायच्या थापीने) साधारण १ सेंमी गोल करा. टोकदार धार पहिल्या गॅस सिलिंडरला फुटते. शेवटी पायरीवर खराट्याने लांबीच्या दिशेने हलक्या रेघा ओढा. बाजूचे प्लाय दुसऱ्या दिवशी काढा.

फळ्या दुसऱ्या दिवशी काढून वर गिलावा करू, असं मिस्त्री म्हणाला तर नको म्हणा. चढावरचा गिलावा बुटाच्या टोकाने सुटतो.

१३. पाणी मारणं

फिनिशिंग झाल्यावर काही तासांत ओलं बारदान घाला. उभ्या चढावर पाणी थांबत नाही, म्हणून नुसती आळी करून भागत नाही. बारदान चढावरून खाली लोंबलं पाहिजे. उन्हाळ्यात वरून प्लॅस्टिक टाका.

ओपीसी (साध्या पोर्टलँड) सिमेंटला कमीत कमी ७ दिवस, पण आपल्या उन्हाळ्यात १० दिवस, पीपीसीला (राख मिसळलेल्या सिमेंटला) १४. दुकानात हल्ली मिळतं ते बहुधा पीपीसीच, गोणीवर वाचा. सकाळ-संध्याकाळ पाइप मारणं म्हणजे क्युरिंग नव्हे. मधल्या वेळी बारदान कोरडं पडलं की तेवढा वेळ वाया.

जपून पाऊल टाकायला तीन दिवसांनी हरकत नाही, रोजची ये-जा सात दिवसांनी. मोटरसायकल चढवायची असेल तर चार आठवडे थांबा, आणि त्यासाठी पायऱ्यांवर मधोमध सिमेंटची घसरण थापू नका. ती पायरीला धरत नाही आणि चालणाऱ्याची वाट अडवते. गाडीसाठी शेजारी वेगळा रॅम्प करा.

१४. सांधा भरणं आणि पहिला पावसाळा

तीन-चार आठवड्यांनी, सांधा कोरडा असताना, भिंतीलगतचं थर्माकोल वरून १२ मिमी खोल खरवडा. धूळ ब्रशने काढा, दोन्ही कडांना चिकटपट्टी लावा आणि सीलंट भरा. सिमेंटने हा सांधा कधीही भरू नका. सिमेंट ताणलं जात नाही, पहिल्याच उन्हाळ्यात तडकतं आणि पाणी थेट पायाशी जातं.

पायऱ्यांच्या बाजूने खोदलेली जागा काळ्या मातीने न भरता मुरुमाने भरून ठोका, बाहेर उतार ठेवा. गच्चीच्या पाण्याचा पाइप पायरीच्या कोपऱ्यात उतरत असेल तर तो चार-पाच फूट लांब न्या. पायरीला लागून कुंड्यांची रांग किंवा धुणं धुवायची जागा ठेवू नका.

पहिल्या मोठ्या पावसात बाहेर उभं राहून पाहा: पायरीवर थारोळं राहतं का, भिंतीकडे पाणी जातं का. पावसाळ्यानंतर एकदा आणि मे महिन्यात एकदा सांध्याची रुंदी दोन्ही टोकांना मोजून भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवा. दोन-तीन मिमीचा फरक येणारच. एका टोकाला वाढत आणि दुसऱ्याला कमी होत असेल तर वाढणाऱ्या बाजूला पाणी कुठून मुरतंय ते शोधा. बहुतेक वेळा नळाच्या कनेक्शनचा गळका जोड सापडतो.